भाव मोबाईलवर आला, पण खरा कशावरून?



बाजारभाव कळण्याची आपली साधने एका पिढीत पार बदलली. पूर्वी आकाशवाणीवर भाव सांगत. सकाळी ‘गावकरी’ नाहीतर ‘देशदूत’ गावात येई. पारावर एकजण वाची, दहाजण ऐकत. आता लासलगावला लिलाव सुरू झाला, की चहा होईस्तोवर भाव व्हॉट्सॲपवरून आपल्या खळ्यावर पोचतो. माल लासलगावी न्यावा की पिंपळगावी, हे घरबसल्या ठरवता येते. सोय मोठी आहे. पण निरोप धाडणारे वाढले, तसा त्याची जबाबदारी घेणारा दिसेनासा झाला.

कांद्याचेच पाहा. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यात बंद केली. मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. फेब्रुवारीत बंदी उठल्याची बातमी पसरली. लासलगावला १७ फेब्रुवारीला क्विंटलला १२८० रुपये असलेला भाव १९ तारखेला १८०० वर गेला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला, की बंदी कायम आहे! ती उठली ४ मे २०२४ रोजी, तीही किमान निर्यातमूल्य आणि निर्यातशुल्काच्या अटींवर.

१९ तारखेला ज्याचा कांदा विकला गेला, त्याचे भले झाले. पण आणखी भाव चढेल म्हणून कोणी रांगडा कांदा घरीच ठेवला असेल, तर? उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत चार-पाच महिने टिकत नाही.

वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीही आता मोबाईलच्या वेगाशी शर्यत लावतात. तपासायला पूर्वी रात्र हाती असे, आता घटकाही नसते. तरी छापील बातमीमागे संपादकाचे नाव असते. चुकले तर त्याला जाब विचारता येतो. पुढे ढकललेल्या निरोपाला ना नाव, ना गाव.

म्हणून मोबाईल टाकून द्यावा काय? मुळीच नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा नाशिकची द्राक्षे वेलीवर होती आणि व्यापारी फिरकेनात. त्या वेळी कित्येक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांना व्हॉट्सॲपवर निरोप धाडले, मागण्या गोळा केल्या आणि पेट्या थेट सोसायटीच्या दारात उतरवल्या. जाहिरातीला पैसा लागला नाही. मात्र पेटीत वजन पुरे आणि वरच्या थरासारखाच खालचा माल असेल, तरच गिऱ्हाईक पुन्हा मागणी करते. खराब मालाचा फोटोही तितक्याच वेगाने फिरतो, हे विसरू नका.

तेव्हा तीन गोष्टी पाळा. पहिली : आलेला भाव किमान, कमाल की सरासरी, हे विचारा. फिरतो तो बहुधा एखाद्या निवडक ट्रॉलीचा कमाल भाव; आपल्या हाती पडतो तो सरासरीच्या आसपास. दुसरी : निर्यातीची बातमी आली, की विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली काय, ते पाहा. अधिसूचनेवाचून बंदी लागतही नाही, उठतही नाही. तिसरी : अनोळखी व्यापाऱ्याने मोबाईलवर चढा भाव देऊ केला, तरी पैसे हाती आल्याखेरीज माल गाडीत भरू नका.

घरात मोबाईल बहुधा शिकत्या मुला-मुलींच्या हाती असतो. हे काम त्यांच्याकडे द्या. रोजचा भाव आणि आपल्या पट्टीवरचा भाव एका वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगा. महिनाभरात कोणाचा निरोप खरा ठरतो आणि कोणाचा फोल, हे घरातल्या सर्वांना उमगेल. आणि ट्रॉली भरण्यापूर्वी बाजार समितीत एक फोन करा. त्याला दोन मिनिटे लागतात. कांदा पिकवायला चार महिने लागले आहेत.