उरलेले नूडल्स पुन्हा गरम करताय? आधी हे वाचा

रात्रीचे हाका नूडल्स किंवा सकाळचा शेवयांचा उपमा फ्रिजमधून काढला की घट्ट आणि वातड लागतो. म्हणजे तो बिघडला असे नाही. शिजताना पाणी शोषून फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा कडक होतो. थोडे पाणी आणि पुरेशी उष्णता मिळाली की तो बराचसा मऊ होतो.

गरम कसे कराल?

- कढईत: वाटीभर नूडल्सवर एक-दोन चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून वाफ आणा. थंड असताना ओढू नका, तुटतात. वाफेने सुटले की झाकण काढून मोठ्या आचेवर थोडे परता.
- मायक्रोवेव्हमध्ये: ताटलीत पसरा, पाण्याचा हबका मारा, झाका. मध्ये एकदा हलवा, नाहीतर कडा तापतात आणि मधला भाग गार राहतो.
- सूप असल्यास: सूप आणि नूडल्स वेगवेगळे ठेवा. सूप उकळल्यावर नूडल्स शेवटी घाला.

गरम केले म्हणजे सुरक्षित झाले का?

नाही. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात. अन्न तासन्‌तास बाहेर राहिले तर जिवाणू वाढून विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, आणि वासावरून ते कळेलच असे नाही. 2008 साली बेल्जियममध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यावर एका 20 वर्षांच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता. असे क्वचितच घडते, पण काळजी घेणे सोपे आहे.

हे पाळा

- शिजवल्यापासून 2 तासांत फ्रिजमध्ये ठेवा. 32 अंशांहून जास्त उकाडा असेल तर 1 तासात.
- उथळ डबा वापरा, अन्न लवकर थंड होते.
- एक-दोन दिवसांत संपवा. लागेल तेवढेच काढून, आतपर्यंत वाफाळेल इतके, एकदाच गरम करा.
- रात्रभर ओट्यावर राहिलेले टाकून द्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

या विषाने साधारण अर्ध्या ते 6 तासांत मळमळ, उलट्या सुरू होतात आणि बहुधा दिवसभरात थांबतात. घोट-घोट ओआरएस घ्या. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखान्यात जा. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांच्या बाबतीत वाट पाहू नका.