तण खाई धन; पण कोणते तण?

‘तण खाई धन’ ही आमच्या शेतकऱ्याची म्हण शेतापुरती खरी आहे. तीच म्हण डोळे मिटून तळ्याला लावली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने वैनगंगेच्या खोऱ्याकडे दृष्टी वळवावी. मध्य प्रदेशातील बालाघाट आणि त्याला लागून असलेला महाराष्ट्रातील गोंदिया हे दोन्ही जिल्हे भाताचे आणि तळ्यांचे. जुन्या मध्य प्रांतात बालाघाट आणि भंडारा हे एकाच नागपूर विभागाचे भाग होते. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता, तो १९९९ साली वेगळा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर वावरणाऱ्या सारस पक्ष्याला मात्र या वाटणीची वार्ता अद्याप पोहोचलेली नाही.

उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः याच टापूत उरला आहे, आणि बालाघाट असो की गोंदिया, प्रत्येक जिल्ह्यात त्याची संख्या शंभराच्या आतच आहे. वाल्मीकींच्या शोकाचे श्लोकात रूपांतर करणारा क्रौंच म्हणजे हाच सारस, असे मानणारे अभ्यासक आहेत. परंतु आजच्या सारसावर व्याधाचा बाण रोखलेला नाही. त्याचे संकट अधिक निमूट आहे. उथळ पाण्यात लव्हाळे, देवधान आणि गवताच्या काड्या रचून तो घरटे बांधतो, त्यात बहुधा दोनच अंडी घालतो. ज्या तळ्याच्या काठावर अशी काडीच उरली नाही, तेथे त्याने संसार मांडावा कोठे? मग तो भाताच्या बांधीत उतरतो, आणि शेतकऱ्याच्या सोशिकपणावर त्याची वीण अवलंबून राहते.

तळ्यातील प्रत्येक वनस्पतीचे काम ठरलेले आहे. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती मासळीच्या पिलांना आडोसा आणि बदकांना अन्न देतात. पानांचा तरंगता बिछाना कमळपक्ष्याला चालावयास आणि अंडी घालावयास लागतो. काठचे देवधान आणि लव्हाळे यांत वारकरी व पाणकोंबड्या आपली पिले वाढवितात. याउलट अमेरिका खंडातून आलेली बेशरम आणि जलपर्णी या दोन वनस्पती तळ्याला केवळ व्यापतात. बेशरमला गुरे तोंड लावीत नाहीत. तिच्या दाट बेटांत गाळ अडतो आणि काठ उथळ होत जातो. जलपर्णी पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते. प्रकाश खाली जात नाही आणि तळातील हिरवळ मरून जाते. या दोघींना तण म्हणावे, यात संशय नाही. परंतु देवधानाला आणि कमळालाही त्याच यादीत बसविणे हा अडाणीपणा होय.

आमची सार्वजनिक व्यवस्था नेमका हाच अडाणीपणा करते. तळे ‘स्वच्छ’ करावयाचे म्हणजे निविदा काढावयाची, यंत्र उतरवावयाचे आणि हिरवे दिसेल ते सारे उपटून काठावर टाकावयाचे. नंतर काठ दगडी करावयाचे आणि त्याला सौंदर्यीकरण म्हणावयाचे! मत्स्यव्यवसायाच्या नावाखाली तळ्यांत सोडलेल्या परदेशी माशांनीही या नाशाला हातभार लावला आहे. ग्रास कार्प वनस्पती खाऊन फस्त करतो, तर सायप्रिनस तळाचा चिखल उकरून मुळे मोकळी करतो.

याचा अर्थ तळ्याला हातच लावू नये, असा नव्हे. तो दुसरा टोकाचा भ्रम होय, आणि त्याची किंमत भरतपूरने मोजली आहे. तेथील केवलादेव पक्षी अभयारण्य राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ साली गुरांच्या चराईवर बंदी आली. त्या विरोधात उसळलेल्या संघर्षात पोलिसांचा गोळीबार झाला आणि गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनीच दीर्घ अभ्यासाअंती दाखवून दिले, की म्हशी बाहेर गेल्यामुळे पाणगवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांना लागणारे मोकळे पाणी आटोपत गेले. ज्या गुरांना शत्रू मानले, तीच त्या पाणथळाची राखण करीत होती! पाणपक्ष्यांना अर्धे वनस्पतीचे व अर्धे मोकळे असे पाणी सर्वाधिक मानवते, असा अमेरिकेतील अभ्यासकांचाही अनुभव आहे. अशा अर्ध्याअर्ध्या तळ्याला कायमची निगा लागते, कारण ते एका फर्मानाने घडत नाही आणि एका ठेक्याने टिकत नाही.

ही निगा पूर्वी कोण राखीत होते? वैनगंगेच्या खोऱ्यातील तळी पिढ्यान्‌पिढ्या गावांनी बांधली आणि राखली. मालगुजारी काळात गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही गावाचीच जबाबदारी असे. १९५०-५१ साली मालगुजारी संपली, ते योग्यच झाले. परंतु तळी सरकारच्या दप्तरात गेली आणि तळ्याची आस्था मात्र दप्तरात नोंदविता आली नाही. ढीवर बांधवांचे पोट मासळीवर. कोणती वनस्पती कोठे उगवते आणि तिच्या सावलीला कोणती मासळी राहते, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. ते ज्ञान कोणी विचारलेच नाही.

ते विचारणारी माणसे निघाली, हे सुदैव. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढीवर समाजातील पतिराम तुमसरे यांनी मच्छीमारांना सोबत घेऊन निराळी वाट धरली. आधी बेशरम मुळासकट काढावयाची, पावसापूर्वी तळ्याचा तळ नांगरावयाचा आणि मग भाताची रोपे लावावीत तशा देशी पाणवनस्पती हाताने लावावयाच्या. या कामात ढीवर स्त्रियांचा मोठा वाटा आहे. हिरवळ परतली तशी देशी मासळी परतली, आणि मासळीमागोमाग पक्षी आले. पक्ष्याचे हित आणि मच्छीमाराची भाकरी एकाच मुळावर उभी आहेत, याहून अधिक पुरावा कशाला हवा?

असे असता कायदा मात्र दुसरीकडे पाहतो. २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेल्या जलाशयांना वगळण्यात आले आहे. बालाघाट-गोंदियाची तळी सिंचनासाठीच बांधलेली. म्हणजे शेकडो वर्षे पक्ष्यांना आसरा देणारे पाणी व्याख्येत बसत नाही! सारसांच्या प्रश्नाची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्या आदेशांची हद्द बाघ नदीपाशी संपते, आणि पक्ष्याची संपत नाही. दोन्ही राज्यांच्या वन, पाटबंधारे व मत्स्य खात्यांनी एकत्र बसून एकच योजना आखावी, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सार्वजनिक तळ्याच्या सफाईच्या निविदेत काय काढावयाचे, याच्या जोडीला काय राखावयाचे, याचीही यादी असावी. ती स्थानिक मच्छीमारांच्या संमतीने ठरावी. आणि विणीच्या पावसाळी दिवसांत कोठेही यंत्र उतरू नये. ज्याच्या बांधीत सारस घरटे करील, त्या शेतकऱ्याचे नुकसान शासनाने विनाविलंब भरून द्यावे.

बालाघाट आमच्यापासून दूर आहे खरे. परंतु करमळीचे तळे आमच्या दाराशी आहे. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर यादीत गोमंतकाचे पहिले स्थान मिळाले, ते मानशीच्या दारांनी पाणी अडविणाऱ्या आणि सोडणाऱ्या शेतकऱ्यांच्या परंपरेमुळेच होय. तेथेही उद्या कोणी ‘सफाई’ची यादी घेऊन येईल. तेव्हा आमच्या वाचकांनी त्यास प्रथम एकच प्रश्न विचारावा: यातले कोणते तण आणि कोणते धन, हे तुम्हांला कोणी सांगितले? ज्याचे पोट या पाण्यावर आहे, त्यास विचारल्यावाचून तळ्यात यंत्र उतरू देऊ नये.