बाण कुठून कुठे? फुकटातले फ्लोचार्ट आणि माइंड मॅप

साहित्याच्या विद्यार्थ्याने फ्लोचार्ट काढला म्हटलं की वर्गात हसू फुटतं. ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम, असा आपला समज. पण सेमिनारला मिळतात दहा मिनिटं, आणि परिच्छेदांनी भरलेल्या स्लाइडकडे कोणी बघत नाही. चित्र मात्र मागच्या बाकावरचेही बघतात. यंदा माझा विषय होता फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण'. त्यासाठी दोन चित्रं काढली, दोन्ही एक पैसा न देता. तेव्हा लक्षात आलेलं इथे मांडते.

आधी दोघांतला फरक, कारण साधन निवडायची वेळ त्यानंतर येते. माइंड मॅपमध्ये विषय मधोमध असतो आणि चहूकडे फांद्या फुटतात. हा प्रकार १९७४च्या सुमारास ब्रिटनमध्ये टोनी बुझान यांनी लोकप्रिय केला. 'क्रिस्तपुराणा'त आहे काय, हे दाखवायला तो छान. एक फांदी पहिल्या पुराणाची, म्हणजे जुना करार, ३६ अवस्वर. दुसरी दुसऱ्या पुराणाची, म्हणजे नवा करार, ५९ अवस्वर. तिसरी ओवीची, चौथी शब्दांची. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणणं वगैरे सगळं तिच्यावर बसलं. फांद्यांचा क्रम इकडचा तिकडे झाला तरी काही बिघडत नाही.

फ्लोचार्टमध्ये मात्र बिघडतं. तिथे प्रत्येक बाण काहीतरी विधान करतो: याच्यानंतर हे, याच्यामुळे हे. सुरुवात-शेवटाला लंबगोल, कृतीला आयत आणि जिथे हो-नाही विचारायचं तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन, एवढं व्याकरण पुरतं.

माझं दुसरं चित्र या ग्रंथाच्या प्रवासाचं होतं. १६१६ साली तो रायतूरला रोमन लिपीत छापला, पुढे १६४९ आणि १६५४च्या आवृत्त्या झाल्या. त्या छापील प्रती आज कुठेच सापडत नाहीत. हस्तलिखितं मात्र टिकली. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली, आणि तिच्यावरून १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली. इथपर्यंत बाण सरळ खाली येतात. पण लंडनमध्ये 'मार्सडेन हस्तलिखित' म्हणून एक प्रत आहे, ती देवनागरीत, आणि तिच्यातले शब्द जास्त संस्कृत वळणाचे. तिला कुठून बाण काढायचा? स्टीफन्सनी मुळात असंच लिहिलं होतं, की नंतर कोणी लिपी आणि शब्द बदलले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. निबंधात 'हस्तलिखितंही उपलब्ध आहेत' असं लिहून पुढे सटकता येतं. चित्रात त्या चौकटीला रेषा जोडावीच लागते, नाहीतर ती एकटी तरंगत राहते आणि पहिला प्रश्न त्यावरच येतो. मी तुटक रेषा काढली आणि शेजारी लिहिलं, 'मतभेद'. प्रत्येक रेषेवर असं एखादं क्रियापद लिहून बघा: 'छापलं', 'उतरवलं', 'वरून घेतलं'. जिथे क्रियापद सुचत नाही, तिथे आपल्याला विषय अजून कळलेला नाही असं खुशाल समजावं.

आता साधनं. माझी पहिली पसंती ड्रॉ डॉट आयओला, याचंच दुसरं नाव डायग्राम्स डॉट नेट. खातं उघडायची गरज नाही, चौकटींवर मर्यादा नाही. फाइल कुठे ठेवायची ते आपण ठरवायचं: तुमच्या कॉम्प्युटरवर की गूगल ड्राइव्हवर. देवनागरी थेट टाइप होते, जोडाक्षरं नीट दिसतात. एकच सांभाळा: चित्र एसव्हीजी म्हणून काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलं तर कधीकधी अक्षरं गायब होतात. पीएनजी काढा, आणि काढताना 'चित्राची प्रत सोबत ठेवा' अशा अर्थाचा पर्याय असतो, त्यावर खूण करा. मग तीच पीएनजी पुन्हा ड्रॉ डॉट आयओमध्ये उघडून बदलता येते. सेमिनारच्या आदल्या रात्री सर एक तारीख दुरुस्त करायला सांगतात तेव्हा याची किंमत कळते. फक्त मोबाइलवर हे काम जिकिरीचं. लॅपटॉप नसेल तर लायब्ररीतला कॉम्प्युटर बरा.

हाताने काढल्यासारखं दिसायला हवं असेल तर एक्सकॅलिड्रॉ आहे, तेही खात्याशिवाय चालतं. त्याचा तो गोड हस्ताक्षरी फॉन्ट मात्र देवनागरीला नाही, आपली अक्षरं साध्या फॉन्टमध्येच येतात. गटाने बसून एकाच पाटीवर खरडायला हे मला फार आवडतं.

ज्यांना चौकटी ओढत बसायचा कंटाळा येतो त्यांनी मर्मेड बघावं. इथे चित्र काढायचं नसतं, लिहायचं असतं. पहिल्या ओळीत इंग्रजीत 'माइंडमॅप' हा शब्द, खाली मुख्य विषय, आणि त्याखालची प्रत्येक पोटफांदी थोडी आत सरकवून. चित्र आपोआप तयार होतं. फ्लोचार्टमध्ये मराठी मजकूर दुहेरी अवतरणात टाकला की सहसा अडत नाही. नोट्स टाइप करायची सवय असलेल्यांना हे लगेच जमेल.

कॉगल माइंड मॅपसाठी देखणं आहे, लुसिडचार्ट फ्लोचार्टसाठी. पण 'फुकट' या शब्दाकडे नीट बघा. कॉगलच्या फुकट खात्यात खाजगी नकाशे फक्त तीन. त्यापुढचे सार्वजनिक, म्हणजे कोणालाही दिसतील असे. लुसिडचार्टवर बदलता येतील अशा फाइली तीन, आणि एका फाइलीतल्या आकारांवरही मर्यादा. एका सेमिनारला पुरतं, तीन वर्षांच्या बीएला नाही. शिवाय गटातल्या मुलांचे फोन नंबर, मार्क, घरच्या गोष्टी असलेला नकाशा सार्वजनिक खात्यात टाकू नये.

आणखी एक, अगदी व्यवहाराचं. प्रोजेक्टरवर बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि देवनागरीच्या वेलांट्या-मात्रा तर पहिल्या पुसट होतात. चौकटीत चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत, अक्षर मोठं ठेवा, आणि फिकट पिवळ्यावर पांढरं असले प्रयोग टाळा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना पीएनजी फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की ती आकसते, आणि मग तुटक रेषा अखंड दिसायला लागते.