पॅलेस्टिनी चित्रपटाचा आरंभकाळ

पॅलेस्टिनी चित्रपटाचा आरंभ सामान्यतः १९३५ पासून मानतात. त्या वर्षी इब्राहिम हसन सरहान यांनी सौदी युवराजांच्या पॅलेस्टाईन-भेटीचे चित्रण केले. १९४८ च्या युद्धात लाखो लोक निर्वासित झाले व ही परंपरा खंडित झाली. १९६८ च्या सुमारास अम्मान येथे मुस्तफा अबू अली, सुलाफा जादल्लाह व हानी जौहरिया यांनी ‘पॅलेस्टाईन फिल्म युनिट’ उभारले. पुढे हे कार्य बैरूतहून चालले. १९७६ मध्ये लेबनॉनमधील लढाईचे चित्रण करताना जौहरिया मारले गेले. १९८२ च्या इस्रायली आक्रमणानंतर तेथील चित्रपटसंग्रहही नाहीसा झाला. संग्रह जपण्यास स्थैर्य लागते. निर्वासितांना ते लाभले नाही. त्यामुळे विखुरलेल्या प्रतींचा व साक्षींचा शोध हा या इतिहासाच्या अभ्यासाचा अविभाज्य भाग ठरतो.