जुन्या मोटारीची मागली कांच

दोन दारांच्या जुन्या मोटारींत मागल्या आसनावर बसणारांच्या शेजारीं जी कांच असते, ती खालींवर होत नाहीं. तिला मूठ नसते, यंत्र नसतें. चौकटींत ती एकदां बसविली कीं मोटारीच्या जन्मभर तशीच राहते. आंत उजेड येऊं द्यावा आणि पाऊस व धूळ बाहेर ठेवावी, एवढेंच तिचें काम. अशी निरुपद्रवी वस्तु असल्यामुळें मालकाचें लक्ष तिच्याकडे जात नाहीं, आणि नेमकें हेंच पुढें महागांत पडतें. इंजिन कुरकुरूं लागलें तर तें ऐकूं येतें, चाकांतील हवा गेली तर ती दिसते. पण या कांचेभोंवतालचें रबर सुकलें, त्याला भेगा पडल्या आणि त्यांतून पावसाचें पाणी थेंबाथेंबानें पत्र्याच्या पोटांत उतरूं लागलें, तर कित्येक वर्षें त्याचा कोणास पत्ता लागत नाहीं. पत्ता लागतो तेव्हां कांच बदलण्याचा प्रश्न मागें पडलेला असतो. मोटार ठेवावी कीं मोडींत द्यावी, असा प्रश्न पुढें उभा राहतो.

अशा मोटारींचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे जर्मनीची फोक्सवॅगन बीटल. १९३८ सालीं तिची घडण कायम झाली आणि ३० जुलै २००३ रोजीं मेक्सिको देशांतील पुएब्ला येथील कारखान्यांतून तिची शेवटची गाडी बाहेर पडली. मधल्या काळांत या जातीच्या दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या निर्माण झाल्या, आणि त्यांपैकीं कांहीं मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींनीं अद्याप चालत्या ठेवल्या आहेत. या गाडीच्या मागल्या कांचेच्या खालच्या कडेपाशीं रबर सुटलें, कीं पाणी बाहेरचा पत्रा आणि आंतील रेक्झिन लावलेला पुठ्ठा यांच्यामधल्या पोकळींत उतरतें. तेथून तें मागल्या आसनाखालीं जातें. तेथें उजव्या अंगास बॅटरी ठेवलेली असते. तिच्या तेजाबाची वाफ आणि हें साचलेलें पाणी असे दोन शत्रु एकत्र आले, म्हणजे तळाचा पत्रा पापडासारखा होतो. याच पाण्याचा कांहीं भाग दोन्ही दारांच्या खालून जाणाऱ्या पोकळ पेट्यांपर्यंत पोंचतो. या पेट्या इंजिनाची ऊब गाडींत आणतात हें खरें, परंतु त्यांचें महत्त्वाचें काम निराळें आहे. गाडीचा वरचा सांगाडा तळाशीं जोडलेला राहतो तो पुष्कळसा त्यांच्या बळावर. त्या कुजल्या म्हणजे दारें नीट लागत नाहींत, आणि अपघाताच्या वेळीं मागें बसलेल्या माणसांचें रक्षण करणारें बळ उरलेलें नसतें. एका रबराच्या पट्टीपासून गोष्ट येथवर येते.

यासाठीं ही कांच दोन प्रसंगीं काढावी लागते. पहिला प्रसंग उघडच आहे, कांच फुटल्याचा. दुसरा प्रसंग म्हणजे कांच शाबूत आहे पण रबर मेलें आहे. या दुसऱ्या प्रसंगीं बहुतेक मालक कांच न काढतां बाहेरून सिलिकोनचा लेप भरतात व निश्चिंत होतात. हा उपाय रोगाहून वाईट आहे. ज्या सिलिकोनला शिर्क्यासारखा वास येतो, त्यांतून वाळतांना असेटिक आम्ल सुटतें व तें लोखंडास खातें. शिवाय लेपाच्या आंत शिरलेलें पाणी बाहेर पडण्यास वाट न उरल्यामुळें तेथेंच कोंडून राहतें. वरून सारें कोरडें दिसतें आणि आंत गंज वाढतच असतो. मोटारीच्या पावसाळ्यांतील कुबट वासाचें मूळ पुष्कळ वेळां या लेपाखालीं सांपडतें.

आतां कांचेकडे वळूं. मोटारीच्या समोरची कांच आणि बाजूची कांच दिसण्यांत सारख्या असल्या तरी त्यांची जात वेगळी असते. समोरची कांच दोन पातळ कांचांमध्यें पारदर्शक पापुद्रा दाबून केलेली असते. ती तडकली तरी जागची हलत नाहीं. फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस यानें या युक्तीचें पेटंट १९०९ सालीं घेतलें. बाजूची कांच बहुधा कणखर केलेली, बाजारी भाषेंत 'टफन' असते. कांच सुमारें ६२० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत एकदम सोडतात. पृष्ठभाग आधीं थिजतो, गाभा मागाहून थिजतांना आकसूं पाहतो, आणि त्यामुळें पृष्ठभाग कायमचा दाबाखालीं व गाभा कायमचा ताणाखालीं राहतो. पृष्ठभागावर आघात झाला तर तो दाब आधीं मोडावा लागतो, म्हणून ही कांच साध्या कांचेपेक्षां कितीतरी अधिक सोसते. परंतु एकदां तडा गाभ्यापर्यंत पोंचला, कीं सांठलेला ताण एका क्षणांत मोकळा होतो आणि सबंध कांचेचे बोथट दाणे होऊन पडतात. सतराव्या शतकांत राजपुत्र रुपर्ट यानें इंग्लंडांत आणलेले कांचेचे थेंब याच जातीचे होते. वितळलेली कांच पाण्यांत टाकून ते करीत. त्यांच्या डोक्यावर हातोडी मारली तरी ते टिकत, आणि शेपटी किंचित् मोडली तर सबंध थेंबाचा भुगा होई. रॉबर्ट हूक यानें १६६५ च्या आपल्या सूक्ष्मदर्शक यंत्राविषयींच्या ग्रंथांत त्यांची चर्चा केली आहे.

या इतिहासाचा कामाशीं संबंध असा, कीं टफन कांच मागाहून कापतां येत नाहीं व तिला भोंकहि पाडतां येत नाहीं. थोडी मोठी आणून कडा घासून बसवूं, हा विचार मनांत आणूं नये. माप आधीं, कापणें नंतर आणि तापवणें सर्वांच्या शेवटीं, असाच क्रम आहे. तिची कड हीच तिची दुबळी जागा. मध्यभागीं मुठीचा ठोसा सोसणारी कांच सिमेंटच्या जमिनीवर कडेनें जरा आपटली तर हातांतच फुटते. म्हणून काढलेली किंवा नवी आणलेली कांच उभी ठेवतांना खालीं घडी घातलेली सतरंजी असलीच पाहिजे.

नवी कांच मिळवितांना गाडीचें साल सांगणें अवश्य आहे. बीटलच्या बाबतींत ऑगस्ट १९६४ मध्यें, म्हणजे १९६५ च्या नमुन्यापासून, खिडक्या मोठ्या करण्यांत आल्या; त्यामुळें त्या अगोदरच्या गाडीस नंतरची कांच लागत नाहीं व रबरहि लागत नाहीं. कांहीं गाड्यांना ही कांच बिजागरीवर बाहेर कलती होणारी अशीहि असे. तिचें रबर निराळें, आणि पुढें सांगितलेली रीत तिला लागू नाहीं. जुनी मिळाली नाहीं तर चौकटीचा कागदी नमुना काढून कांचवाल्याकडून नवी करून घ्यावी. ती टफन असो वा पापुद्र्याची, 'आयएस २५५३' या भारतीय मानकाची खूण तिच्यावर पाहून घ्यावी. ॲक्रिलिकचा तुकडा स्वस्त पडतो, पण वर्ष-दोन वर्षांत त्यावर ओरखडे उमटून तो आंधळा होतो. कांच रंगीत हवी असल्यास केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें बाजूच्या कांचेंतून निदान ५० टक्के प्रकाश आंत आला पाहिजे, हें ध्यानीं ठेवावें.

रबराच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. जुनें रबर स्वच्छ करून पुन्हां बसविण्याचा मोह होतो, कारण वरून तें बरें दिसतें. तें बोटांत घेऊन वांकवून पाहावें. वांकवतांच बाहेरच्या अंगाला बारीक आडव्या चिरा उघडल्या, तर तें टाकून द्यावें. हवेंतील ओझोन वायु ताणलेल्या रबरास अशा चिरा पाडतो, आणि आपल्याकडील ऊन्ह त्या कामीं त्याला हातभार लावतें. हल्लीं ईपीडीएम नांवाचें कृत्रिम रबर मिळतें; ओझोन व ऊन्ह यांस तें पुष्कळ दाद देत नाहीं. तेल किंवा ग्रीस यांच्याशीं मात्र त्याचें वांकडें आहे. तीं लागल्यास तें फुगतें. हें पुढें उपयोगी पडेल.

काढण्याचें काम आंतून सुरू होतें. आसन काढावें, बाजूचा पुठ्ठा उकलावा. बीटलमध्यें छताचें कापड या खिडकीच्या चौकटीवर दुमडून सरसानें चिकटविलेलें असतें आणि त्यावर रबर बसतें. तें फाटलें तर कांचेच्या खर्चाहून छताचा खर्च मोठा होतो. रबर टाकायचेंच असेल तर बाहेरच्या अंगानें त्याचा ओठ धारदार सुरीनें कापून कांच अलगद बाहेर घ्यावी. ही रीत सर्वांत निर्धोक. रबर राखायचें असेल तर आंतला ओठ लांकडाच्या बोथट पट्टीनें वरच्या कोपऱ्यापासून पत्र्याच्या कडेवरून सोडवीत जावें आणि तळहातांनीं कांच बाहेर लोटावी. बाहेर दुसरा माणूस कांच झेलण्यास उभा असलाच पाहिजे. फुटलेल्या कांचेचे दाणे असतील तर हातमोजे घालून ते वेंचावे. दिसतात तेवढेच वेंचून थांबूं नये; पोकळींत उतरलेले दाणे पाण्याची वाट बुजवितात आणि गाडी चालतांना वर्षानुवर्षें खुळखुळतात.

कांच निघाली म्हणजे चौकटीची कड प्रथमच उजेडांत येते, आणि साऱ्या कामाचा मर्म येथेंच आहे. खालचे दोन कोपरे नीट पाहावे. तपकिरी डाग असेल तर तारेच्या ब्रशानें व पॉलिश-कागदानें चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासावें, गंजरोधक लावावें, मग प्रायमर, मग रंग. टोंचणीनें टोंचून पाहावें. टोंचणी आरपार गेली तर रंगानें भागणार नाहीं, तेथें नवा पत्रा जोडून घ्यावा लागेल, आणि कांच बसण्यापूर्वींच लागेल. रंग पुरा वाळेपर्यंत चार दिवस थांबण्याची कारागिराची इच्छा नसते, गिऱ्हाइकाचीहि नसते. ओल्या रंगावर रबर बसविलें तर तें रंगास चिकटतें आणि पुढच्या वेळीं रंगाची साल घेऊनच निघतें. गाडी पत्र्याच्या छपराखालीं उघड्या चौकटीनें चार दिवस राहिली तर कांहीं बिघडत नाहीं.

बसविण्याची युक्ति दोरीची आहे, आणि ती ज्यानें शोधली त्याचें कौतुक करावें तितकें थोडें. रबराला दोन खांची असतात. एकींत कांच बसते, दुसरींत पत्र्याची कड. आधीं रबर कांचेवर चढवावें. शोभेची चकचकीत पट्टी असेल तर तीहि याच वेळीं रबरांत बसवावी. कांच गाडींत गेल्यावर ती बसवितांना वांकल्याशिवाय राहत नाहीं. मग तीन ते पांच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी रिकाम्या खांचेंत सभोंवार घालावी. तिचीं दोन टोकें खालच्या कडेच्या मध्यावर वीतभर एकमेकांवर येऊं द्यावीं आणि आंतल्या अंगाला लोंबतीं ठेवावीं. कडेला व रबराला साबणाचें पाणी मुक्तहस्तानें लावावें. येथें तेल किंवा व्हॅसलीन वापरण्याची चाल आहे. रबर कशानें फुगतें हें वर आलेंच आहे.

आतां बाहेरचा माणूस कांच चौकटीवर टेकवून दोन्ही तळहातांनीं सारखी दाबून धरतो. आंतला माणूस दोरीचें एक टोक खिडकीच्या मध्याच्या दिशेनें, कांचेला समांतर ओढत जातो. दोरी खांचेंतून निघतांना रबराचा आंतला ओठ उचलते आणि तो पत्र्याच्या कडेवरून आंत उलटतो, सदऱ्याची बाही उलटी व्हावी तसा. दाब आणि ओढ एकाच ठिकाणीं पडली पाहिजे. दोरी जेथें निघत असेल तेथेंच बाहेरचा तळहात हवा. म्हणून दोघांनीं एकमेकांशीं बोलत काम करावें. खालची कड झाली कीं कोपरे, मग बाजू, वरची कड शेवटीं. कोपऱ्यांत ओठ अडला तर पेंचकस घालून उचकटूं नये. सायकलीचा टायर चढवितांना ट्यूब ज्या घाईनें फुटते, त्याच घाईनें येथें कांच फुटते. कांच बाहेर घ्यावी, दोरी पुन्हां घालावी आणि नव्यानें आरंभ करावा. रबर अर्धा तास उन्हांत ठेवलें तर मऊ होऊन पुष्कळ सहज वळतें. दोन-तीन वेळां अपयश येणें हें या कामांत नित्याचेंच आहे.

ही रीत रबरांत बसणाऱ्या कांचांपुरतीच आहे, हें सांगणें जरूर आहे. हल्लींच्या मोटारींत स्थिर कांचा पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्यानें पत्र्याला जखडलेल्या असतात. गाडीच्या सांगाड्याच्या ताठपणाला त्या मदत करतात, आणि त्या काढण्यास वेगळीं हत्यारें व वेगळा हात लागतो. तेथें दोरीनें कांहीं साधणार नाहीं.

कांच बसली म्हणजे लगेच पुठ्ठा लावून मोकळें होऊं नये. एका माणसानें आंत कोरडा कागद कांचेच्या खालच्या कडेशीं धरून बसावें व दुसऱ्यानें नळीनें पाणी सोडावें. धार जोराची नको. जोराची धार चांगल्या रबरांतूनहि आंत जाते आणि फुकट घाबरवते. पावसासारखें संथ पाणी आधीं खालच्या कडेवर, मग बाजूंवर, शेवटीं वरच्या कडेवर, प्रत्येक ठिकाणीं दोन-तीन मिनिटें सोडावें. खालून वर जाण्याचें कारण असें, कीं वरून आरंभ केला तर पाणी सर्वत्र पसरतें आणि गळती नेमकी कोठें आहे तें कळत नाहीं. कागदावर डाग उमटला तर त्या जागीं ओठ दुमडला असेल. तो लांकडी पट्टीनें सरळ करून पुन्हां पाहावें. कागद कोरडा राहिला तरी पुठ्ठा आणि आसन आणखी आठ दिवस बाहेरच असूं द्यावें. पावसाळा असेल तर एक मोठी सर येऊन जाऊं द्यावी, मग बॅटरीखालचा तळ हातानें चांचपून पाहावा.