ठाण्यातलं ‘स्वर्गाचं दार’ आणि यिराह

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात.

ठाण्यात टेंभी नाक्याच्या परिसरात १८७९ सालचं एक सिनेगॉग आहे. ते मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं. नाव ‘शआर हशामाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार. हे नाव आलंय हिब्रू बायबलातल्या याकोबाच्या गोष्टीतून.

भावाच्या रागाला घाबरून याकोब घर सोडून पळाला. वाटेत अंधार पडला, तसा दगड उशाला घेऊन झोपला. स्वप्नात आभाळापर्यंत शिडी दिसली, देव त्याच्याशी बोलला. जाग आल्यावर तो हादरलाच: इथे देव होता आणि मला पत्ताच नव्हता! त्या जागेला त्याने स्वर्गाचं दार म्हटलं. आता क्रम बघा. देऊळ नाही, तयारी नाही. आधी भेट झाली, भय नंतर आलं.

या भयाला हिब्रूत ‘यिराह’ म्हणतात. भीती आणि आदर, दोन्हीला एकच शब्द. आपण ‘देवभीरू’ म्हणतो, त्याच्या जवळचा. पण ही शिक्षेची भीती नव्हे. एलिया संदेष्ट्याची गोष्ट घ्या. डोंगरावर तुफान वारा सुटला, मग भूकंप झाला, मग आग. देव त्यातल्या कशातच नव्हता. शेवटी एक अगदी हलका आवाज आला, आणि तो ऐकल्यावर एलियाने अंगावरच्या वस्त्राने तोंड झाकून घेतलं. म्हणजे यिराह गडगडाटाने येत नाही; समोर कोण आहे हे कळल्यावर येते.

हाच एलिया बेने इस्रायलींच्या घरोघरी ‘एलियाहू हनावी’ म्हणून आठवला जातो. लग्नकार्यात, नवस फेडताना त्याच्या नावाने मलिदा होतो: गोड पोहे, खोबरं, फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. संदेष्टा वाळवंटातला, प्रसाद कोकणातला!

एक गोष्ट मात्र विचार करायला लावते. याकोब एकटा होता, एलियाही एकटाच. पण सिनेगॉगमधल्या पूर्ण सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला आणि कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये दहाजण जमणंही कठीण झालं. देव भेटायला एक माणूस पुरतो; त्याचं दार उघडं ठेवायला मात्र शेजारी लागतात.