गोळीला फिरकी किती हवी?

तुम्ही भोवरा फिरवला असेलच. वेगात असेपर्यंत तो ताठ उभा राहतो. वेग मंदावला की डुलतो आणि आडवा होतो. रायफलच्या गोळीचेही तसेच आहे. हवेचा दाब तिला उलटवू पाहतो. नळीतील सर्पिल खाचांनी दिलेली फिरकी तिला सावरते.

गोळी जितकी लांब, तितकी फिरकी अधिक लागते. १८७९ साली इंग्रज गणितज्ञ ग्रीनहिल यांनी शिशाच्या गोळीसाठी सूत्र दिले : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा व लांबीने भागा. नळीत किती अंतरात एक फेरा व्हावा, ते मिळते.

अमेरिकी सैन्याच्या एम-१६ए१ रायफलीत हे अंतर १२ इंच होते. १९८० च्या दशकात अधिक लांब गोळी आली, तेव्हा नव्या नळीत ते ७ इंच केले गेले. जुन्या नळीतून ही गोळी झाडली, तर ती डुलत जाते. मग नेमबाज कितीही निष्णात असो, नेम चुकतोच!